ऑफिसच्या इंटरनेट फोनवर आवाज फार मोठा येतो तेव्हा : आधी जागा शोधा, मग गेन कमी करा

"फोन कानाला लावला की समोरच्याचा आवाज कानात घुसतो" अशी तक्रार आली की बहुतेक ऑफिसांत एकच गोष्ट घडते. कोणीतरी पीबीएक्सच्या (ऑफिसचे सगळे कॉल जोडणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगमध्ये शिरतं, सापडेल तो आकडा खाली आणतं आणि तक्रार मिटली असं समजतं. मग दुसऱ्या विभागातून उलटी ओरड सुरू होते : "काहीच ऐकू येत नाही." तिथे आवाज वाढवला जातो. हे काही वेळा झालं की फोन, हेडसेट, पीबीएक्स, गेटवे अशा सगळ्याच ठिकाणी कोणी ना कोणी काहीतरी फिरवून ठेवलेलं असतं आणि मूळ दोष मात्र जागच्या जागी असतो.

बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत आवाज बऱ्याच टप्प्यांतून जातो : माइक, फोन किंवा सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरचं फोनचं ॲप), पीबीएक्स, ट्रंक (सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाणारी बाहेरची लाइन) किंवा गेटवे (टेलिफोन लाइन इंटरनेट फोनशी जोडणारा डबा), पलीकडचा फोन आणि शेवटी कानाशी असलेला स्पीकर. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आवाज वाढवण्याची सोय असते. या वाढीला गेन म्हणतात. डिजिटल आवाजाला वरची एक हद्द असते. ती ओलांडली की लहरीचं टोक कापलं जातं आणि आवाज फाटतो. एकदा फाटलेला आवाज पुढे कितीही बारीक केला तरी फाटलेलाच राहतो. कापडाची कापून टाकलेली कड इस्त्री फिरवून परत येत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे नियम एकच आहे : आवाज जिथे पहिल्यांदा फुगतो ती जागा शोधायची आणि तिथेच तो कमी करायचा.

एक गैरसमज आधीच दूर करतो. इंटरनेटच्या वेगामुळे किंवा खराब लाइनमुळे आवाज मोठा होत नाही. पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे) हरवली, उशिरा आली तर आवाज तुटतो, अडखळतो, रोबोटसारखा होतो. पण पॅकेटमध्ये आवाजाचे आकडे असतात आणि स्विच किंवा राउटर ते आकडे बदलत नाही. तेव्हा "आवाज मोठा येतो" या तक्रारीसाठी राउटर बदलणं, बँडविड्थ वाढवणं यात वेळ घालवू नका.

## सुरुवात करण्याआधी

हाताशी पुढच्या गोष्टी ठेवा :

- त्याच मॉडेलचा, पण तक्रार नसलेला एक फोन
- नीट चालणारा दुसरा हेडसेट, शक्यतो वेगळ्या प्रकारचा
- एक मोबाइल, बाहेरून कॉल करायला आणि घ्यायला
- फोन, पीबीएक्स आणि गेटवे या तिन्हींचा ॲडमिन पासवर्ड
- आजच्या घडीच्या सगळ्या सेटिंगचा बॅकअप
- कागद-पेन किंवा एक साधी स्प्रेडशीट

बॅकअप निव्वळ औपचारिकता म्हणून घेऊ नका. आवाजाच्या तक्रारीत बदल छोटे छोटे असतात, एकाच वेळी अनेक जण करतात, आणि आधी काय होतं हे संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवत नाही. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने पुरतात : जागा, जुना आकडा, नवा आकडा, परिणाम.

डेसिबलचे दोन आकडे लक्षात ठेवा. ६ डेसिबल वाढले की लहरीची उंची दुप्पट होते. कानाला आवाज दुप्पट वाटायला मात्र साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे बदल करताना एका वेळी ३ डेसिबलच्या पायरीने जा. एवढा फरक लक्ष देऊन ऐकलं तर कळतो आणि बाकी कुठे मोडतोडही होत नाही.

सावधान : चाचणी करताना फोन लगेच कानाला चिकटवू नका. आधी हातभर दूर धरा, आवाज किती आहे याचा अंदाज घ्या आणि मग जवळ आणा. हेडसेट असेल तर डोक्यावर चढवण्याआधी कॉल सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते. दिवसभर हेडसेट लावून बसणाऱ्या माणसासाठी ही तक्रार "जरा त्रास होतो" एवढ्यावर सोडून देण्यासारखी नाही. मूळ दोष सापडेपर्यंत त्या व्यक्तीला दुसरा फोन किंवा दुसरा हेडसेट द्या, शोध मग सावकाश घ्या.

## टप्पा १ : तक्रार नेमकी लिहून घ्या

"आवाज मोठा येतो" या तीन शब्दांत सहा-सात वेगवेगळे दोष लपलेले असतात. तक्रार करणाऱ्याला समोर बसवून विचारा :

1. कोणाला मोठा ऐकू येतो? तुमच्या माणसाला, की पलीकडच्या ग्राहकाला? दिशा इथेच ठरते. ग्राहकाला त्रास होत असेल तर तुमच्या माणसाच्या फोनवरचं व्हॉल्यूमचं बटण कितीही दाबलं तरी फरक पडणार नाही. ते बटण फक्त त्याच्या कानापुरतं आहे, माइकशी त्याचा संबंध नाही.
2. काय मोठं आहे? समोरच्याचं बोलणं, रिंग, होल्डवरचं संगीत, रेकॉर्ड केलेली सूचना, बटणांचे टोन, की स्वतःचाच आवाज?
3. कशावर? हँडसेट, हेडसेट, स्पीकर, की कॉम्प्युटरवरचा सॉफ्टफोन?
4. कोणत्या कॉलवर? आतल्या आत, बाहेर जाणाऱ्या, बाहेरून येणाऱ्या, की एकाच ठरावीक ग्राहकाच्या?
5. पूर्ण वेळ की पहिले काही क्षण? बोलणं सुरू होताना पहिला शब्द आदळतो आणि मग आवाज खाली येतो, असं असेल तर टप्पा ३ मधला आपोआप आवाज सांभाळणाऱ्या सोयीचा भाग आधी वाचा.
6. नुसता मोठा की फाटलेला? मोठा पण स्वच्छ आवाज बहुधा ऐकणाऱ्याच्या बाजूचा असतो. मोठा आणि फाटलेला असेल तर दोष आधीच कुठेतरी, आवाज पाठवणाऱ्या बाजूला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "स्वतःचाच आवाज" असं आलं तर ती साइडटोनची तक्रार आहे, गेनची नव्हे. आपण बोलतो त्याचा थोडा अंश फोन मुद्दाम आपल्याच कानात सोडतो. त्याची पातळी फोनच्या किंवा हेडसेटच्या सेटिंगमध्ये असते. स्वतःचा आवाज थोड्या उशिराने परत येत असेल तर मात्र तो प्रतिध्वनी आहे. त्यासाठी टप्पा ६ बघा.

## टप्पा २ : ठरलेल्या क्रमाने चाचणी कॉल

क्रम बदलू नका, कारण प्रत्येक कॉल मागच्या कॉलमध्ये एकच नवी कडी जोडतो. प्रत्येक कॉलवर एकाच माणसाने, एकाच अंतरावरून, तेच वाक्य बोलायचं. बोलणारा बदलला की तुलना संपली.

1. फोन ते पीबीएक्स. प्रतिध्वनी चाचणीचा, म्हणजे तुम्ही बोललेलं तुम्हालाच परत ऐकवणारा नंबर लावा. ॲस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरवर त्यासाठी 'एको' नावाचं ॲप्लिकेशन आहे आणि त्यावर बेतलेल्या फ्रीपीबीएक्समध्ये *४३ वर ते सहसा तयार मिळतं. इथे बाहेरची लाइन किंवा दुसरा फोन मध्ये येतच नाही.
2. आतल्या आत, तक्रारीच्या फोनवरून चांगल्या फोनवर. मग उलट.
3. बाहेर, तक्रारीच्या फोनवरून मोबाइलवर.
4. बाहेरून आत, मोबाइलवरून तक्रारीच्या फोनवर.
5. चांगल्या फोनवरून मोबाइलवर, दोन्ही दिशांनी.

निकाल असा वाचा. आतले कॉल ठीक आणि बाहेरचे मोठे, तर दोष ट्रंक किंवा गेटवेवर. सगळेच कॉल मोठे पण फक्त एका फोनवर, तर दोष टेबलावर. सगळे कॉल, सगळे फोन, तर पीबीएक्समध्ये किंवा फोनना सेटिंग पाठवणाऱ्या टेम्प्लेटमध्ये कोणीतरी हात घातला आहे. बोलणं ठीक पण संगीत किंवा सूचना मोठ्या, तर थेट टप्पा ५ वर जा, मधले टप्पे तुमच्यासाठी नाहीत.

नेहमीची चूक : प्रतिध्वनी चाचणीत आवाज मोठा आला म्हणजे स्पीकर मोठा, असा निष्कर्ष काढणं. या चाचणीत तुमचा माइक आणि तुमचा स्पीकर दोघेही येतात. दोष कोणाचा हे दुसऱ्या कॉलशिवाय कळत नाही.

## टप्पा ३ : टेबलावरची तपासणी

सर्वाधिक तक्रारी इथेच मिटतात, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

फोनचे वेगवेगळे व्हॉल्यूम. डेस्क फोनवर रिंग, हँडसेट, हेडसेट आणि स्पीकर यांचे व्हॉल्यूम वेगळे साठवले जातात. फोन रिकामा असताना बटण दाबलं तर रिंग बदलते, कॉल चालू असताना दाबलं तर त्या वेळी जे उपकरण वापरात आहे त्याचाच आवाज बदलतो. "मी कालच कमी केला होता" असं म्हणणाऱ्याने बहुधा रिंग कमी केलेली असते. शिवाय काही फोन प्रत्येक कॉलनंतर हँडसेट आणि हेडसेटचा आवाज मूळ पातळीवर नेऊन ठेवतात. पॉलीकॉमच्या अनेक मॉडेलांत असंच असतं आणि आवाज टिकवून ठेवायची सोय सेटिंगमध्ये वेगळी सुरू करावी लागते. ही बिघाडाची खूण नाही. आधीच्या माणसाने आवाज पूर्ण वाढवून ठेवला असेल तर पुढच्याच्या कानावर तो आदळू नये, हा त्याचा फायदा आहे.

हेडसेट. फोनच्या हेडसेट पोर्टला त्याच प्रकारचा प्लग असलेला कोणताही हेडसेट भौतिकदृष्ट्या बसतो, पण तारांची जोडणी आणि माइकची संवेदनशीलता कंपनीगणिक वेगळी असते. चुकीच्या जोडवायरीमुळे आवाज कर्कश किंवा घुमल्यासारखा येतो. हेडसेट आणि फोन यांच्यामध्ये छोटा ॲम्प्लिफायर असेल तर त्यावरही एक चकती किंवा सरकपट्टी असते, बहुतेकदा टेबलाच्या मागे पडलेली आणि कोणाच्याही लक्षात नसलेली. हेडसेट काढून हँडसेटवर तोच कॉल करा. हँडसेट ठीक असेल तर पीबीएक्सकडे बघायचं कारणच उरलं नाही.

माइकचं अंतर. पलीकडच्याला आवाज मोठा आणि फाटलेला ऐकू येत असेल तर माइक बोलणाऱ्याच्या ओठांसमोर आहे का बघा. तो तोंडाच्या कोपऱ्याच्या बाजूला, साधारण दोन बोटं अंतरावर हवा. इतक्या जवळून अंतर दुप्पट केलं की आवाज जवळपास ६ डेसिबल उतरतो. एवढा फरक सेटिंगला हात न लावता मिळतो आणि श्वासाचे फटकारेही जातात.

माणूस मोठ्याने का बोलतो? हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्वतःचा आवाज कानात पुरेसा आला नाही की माणूस नकळत आवाज चढवतो. आजूबाजूला गोंगाट असेल तरीही तेच होतं. दोन्ही कान झाकणारा, गोंगाट रोखणारा हेडसेट दिला आणि साइडटोन बंद ठेवला, की शांत स्वभावाचा माणूसही ओरडून बोलू लागतो आणि ग्राहक तक्रार करतो. इथे माइकचा गेन कमी करू नका. साइडटोन थोडा वाढवा आणि त्याच माणसाला पुन्हा तेच वाक्य बोलायला सांगा.

माइक गेन. काही फोनांत पाठवण्याचा आवाज फोनच्याच सेटिंगमध्ये बदलता येतो. येलिंकच्या फोनांत हँडसेट, हेडसेट आणि स्पीकर यांसाठी तो वेगवेगळा असतो, −५० ते ५० पर्यंत. मूळ किंमत ० असते. तिथे ० सोडून काहीही दिसलं तर कोणीतरी कधीतरी ते बदललं आहे. आधी ० वर आणा, मग ऐका.

सॉफ्टफोन. कॉम्प्युटरवर एकाच आवाजाला तीन-चार नियंत्रणं असतात : ऑपरेटिंग सिस्टिमचं, सॉफ्टफोन ॲपचं, हेडसेटच्या तारेवरचं, आणि माइकसाठी साउंड ड्रायव्हरमधलं 'मायक्रोफोन बूस्ट'. हे बूस्ट १०, २०, ३० डेसिबल अशा उड्या घेतं. ते चालू असेल तर बाकीचं काही तपासण्याआधी शून्यावर आणा.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज आपोआप सांभाळणारी सोय, म्हणजे एजीसी. ही सोय बोलणं हळू असेल तर गेन वाढवते, मोठं असेल तर कमी करते. एक एजीसी नीट काम करतो. हेडसेटमध्ये एक, ॲपमध्ये दुसरा, पीबीएक्सवर तिसरा असे एकामागे एक लागले की ते एकमेकांशी झुंजतात. खूण सोपी आहे : कोणी बोलत नसताना पंखा, कीबोर्ड, शेजारचं बोलणं हळूहळू मोठं होत जातं, आणि बोलायला सुरुवात केली की पहिला शब्द आदळतो. उपायही सोपा : एकच ठेवा, बाकीचे बंद. माझी पसंती बोलणाऱ्याच्या सर्वात जवळच्या एजीसीला, कारण पुढच्या सगळ्या कड्यांना तिथूनच बरोबर पातळी मिळते.

पडताळणी : पुढे जाण्याआधी हँडसेट आणि हेडसेट अदलाबदल करून टप्पा २ मधला पहिला, दुसरा आणि चौथा कॉल पुन्हा करा. दोष उपकरणाबरोबर हलला तर तो उपकरणाचा. टेबलावरच राहिला तर फोनचा किंवा त्याच्या एक्स्टेंशनचा (ऑफिसमधल्या आतल्या नंबरचा).

## टप्पा ४ : पॅकेट पकडून पुरावा मिळवा

अंदाजावर पीबीएक्स बदलण्याआधी हे करा. एका पॅकेट कॅप्चरमुळे साखळीचे सरळ दोन तुकडे होतात आणि निम्मा शोध संपतो.

सावधान : फक्त स्वतः केलेला चाचणी कॉल पकडा. सहकाऱ्यांचे किंवा ग्राहकांचे कॉल त्यांच्या संमतीशिवाय ऐकायचे नाहीत, दुरुस्तीच्या नावाखालीही नाहीत.

1. स्विचवर फोनच्या पोर्टची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवा आणि तिथे वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) लावा. किंवा पीबीएक्सवरच कॅप्चर घ्या.
2. कॉल करा, ठरलेलं वाक्य बोला, पलीकडच्यालाही बोलायला सांगा.
3. वायरशार्कच्या टेलिफोनी मेनूमधून आरटीपी, म्हणजे आवाज वाहून नेणारे प्रवाह उघडा. दोन दिसतील : फोनकडे येणारा आणि फोनकडून जाणारा.
4. दोन्ही वेगवेगळे ऐका. मग आवाजाची फाइल म्हणून साठवा आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये लहरी बघा.

कॉल एन्क्रिप्ट केलेला असेल तर प्रवाह ऐकता येणार नाही. त्या एका चाचणी एक्स्टेंशनपुरतं एन्क्रिप्शन बंद करा आणि काम झालं की आठवणीने सुरू करा.

आता लहरी वाचा. फोनकडे येणाऱ्या प्रवाहात लहर मध्यम उंचीची आणि स्वच्छ असेल, तरीही कानाला मोठी वाटत असेल, तर फोन किंवा हेडसेट दोषी आहे. टप्पा ३ वर परत जा. लहर वरच्या हद्दीला टेकून सपाट झालेली असेल तर आवाज फोनपर्यंत येण्याआधीच फुगला आहे. आणि तिसरी शक्यता, जी सहज नजरेतून सुटते : लहरीची टोकं सपाट आहेत, पण हद्दीच्या बरीच खाली. याचा अर्थ एका जागी आवाज फाटला आणि नंतर दुसऱ्या जागी कोणीतरी तो कमी केला. अशा ठिकाणी दोन दुरुस्त्या लागतात. आधी फाडणारी जागा सुधारायची, मग झाकण्यासाठी केलेली कपात काढून टाकायची. फक्त पहिली केलीत तर आवाज फार बारीक होईल आणि नवी तक्रार येईल.

कॅप्चर उघडंच आहे तर कोडेकही (आवाज आकड्यांत बांधण्याची पद्धत) बघून घ्या. आरटीपीमध्ये पेलोड प्रकार ० म्हणजे जी.७११ म्यू-लॉ, ८ म्हणजे जी.७११ ए-लॉ, ९ म्हणजे जी.७२२, १८ म्हणजे जी.७२९. म्यू-लॉ प्रामुख्याने उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये, ए-लॉ बहुतेक इतर देशांत. एका नियमाने बांधलेला आवाज दुसऱ्या नियमाने उलगडला तर शब्द कळतात, पण आवाज कर्कश, खरखरीत आणि अंगावर येणारा होतो. गेन कितीही कमी केला तरी खरखर जात नाही, ही त्याची ओळख. हा घोळ बहुतेक वेळा डिजिटल लाइनच्या गेटवेवर, कंपँडिंगचं (म्यू-लॉ की ए-लॉ याचं) सेटिंग चुकल्याने होतो.

बोलणं अजिबात न येता पूर्ण जोराने फक्त 'श्श्श' असा आवाज आला तर एका बाजूने एन्क्रिप्ट केलेला प्रवाह दुसरी बाजू साधा समजून वाजवत असण्याची शक्यता मोठी. तो कानाला धोकादायक असतो. कॉल लगेच तोडा आणि दोन्ही बाजूंची एसआरटीपी (आवाज एन्क्रिप्ट करण्याची) सेटिंग जुळवा.

## टप्पा ५ : पीबीएक्स

डायलप्लॅनमधला (कॉल कुठे, कसा जायचा ते ठरवणाऱ्या नियमांमधला) गेन. ॲस्टेरिस्कमध्ये 'व्हॉल्यूम' फंक्शन आहे. त्यात आरएक्स म्हणजे त्या चॅनेलकडून पीबीएक्सकडे येणारा आवाज, टीएक्स म्हणजे पीबीएक्सकडून त्याच्याकडे जाणारा. इथे सर्वात महागात पडणारी चूक अशी की त्यातला आकडा लोक डेसिबल समजतात. तो गुणक आहे. २ लिहिलं की लहर दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल. ३ लिहिलं की तिप्पट, म्हणजे साडेनऊ डेसिबलच्या आसपास. उणे आकडा लिहिला तर तेवढ्याने भागाकार होतो. "फक्त तीन वाढवले" म्हणून घातलेला आकडा सगळ्या ऑफिसचा आवाज फाडू शकतो. फ्रीस्विच या दुसऱ्या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये अशाच कामाला −४ ते ४ असे टप्पे आहेत. तेही डेसिबल म्हणून वाचू नका.

संपूर्ण डायलप्लॅनमध्ये हे फंक्शन आणि एजीसीचं फंक्शन कुठे कुठे आहे ते शोधा. एकाच कॉलच्या वाटेत ते दोनदा लागलेलं सापडणं दुर्मीळ नाही : एकदा येणाऱ्या कॉलच्या भागात, पुन्हा रांगेच्या भागात.

सूचना आणि आयव्हीआर (बटणं दाबायला सांगणारा मेनू). स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या सूचना बहुधा पूर्ण उंचीपर्यंत ताणून दिलेल्या असतात. फोनवरचं साधं बोलणं त्याच्या खूप खाली असतं, म्हणून सूचना अंगावर येते आणि लगेच नंतर माणसाचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं. फाइलची सरासरी पातळी हद्दीच्या साधारण २० डेसिबल खाली आणि टोकं ६ डेसिबल खाली ठेवली तर बोलण्याशी मेळ बसतो.

फाइल बदलली तरी आवाज तसाच का, हा प्रश्न इथे हमखास येतो. ॲस्टेरिस्क एकाच सूचनेच्या अनेक स्वरूपांतल्या फाइलींतून त्या कॉलच्या कोडेकला सोयीची फाइल निवडतो. तुम्ही वेव्ह फाइल बदललीत, पण त्याच नावाची जुनी म्यू-लॉ किंवा ए-लॉ फाइल शेजारी पडून असेल तर काही कॉलवर तीच वाजत राहते. फोल्डरमध्ये त्या नावाच्या सगळ्या फाइली बघा, जुन्या हलवा, मग नव्या एकाच मूळ फाइलपासून तयार करा.

होल्डवरचं संगीत. संगीताला बोलण्यासारखे मधले विराम नसतात, त्यामुळे टोकाची उंची सारखी असली तरी ते मोठं वाटतं. ते बोलण्याच्या पातळीपेक्षाही थोडं खालीच ठेवा आणि कोणतंही सेटिंग न बदलता फाइलच कमी आवाजाची करा.

ओळखीच्या पातळीचा टोन. ॲस्टेरिस्कमध्ये 'मिलिवॅट' नावाचं ॲप्लिकेशन १००४ हर्ट्‌झचा टोन ० डीबीएम पातळीवर वाजवतं. (बरोबर १००० नाही, कारण सेकंदाला ८००० नमुन्यांत तो नेमका भाग जातो आणि तेच ठरावीक आठ नमुने पुन्हा पुन्हा येतात.) त्याला एक एक्स्टेंशन द्या, फोनवरून लावा आणि कॅप्चर घ्या. टोनचं टोक वरच्या हद्दीच्या साधारण ३ डेसिबल खाली दिसायला हवं. टोन हद्दीला टेकला तर वाटेत कोणीतरी गेन लावलेला आहे, मग तो सापडेपर्यंत शोधा. हा टोन बोलण्यापेक्षा खूपच मोठा असतो. हँडसेट टेबलावर ठेवूनच चाचणी करा.

## टप्पा ६ : गेटवे आणि ॲनालॉग लाइन

फक्त बाहेरचे कॉल मोठे असतील तर इथे या. सगळी व्यवस्था आयपीवर असेल, ॲनालॉग किंवा डिजिटल टेलिफोन लाइन कुठेच नसेल, तर हा टप्पा सोडून द्या.

ॲनालॉग लाइन लांब असेल तर आवाज वाटेत क्षीण होतो, म्हणून बसवणारा माणूस गेन वाढवून ठेवतो. पुढे लाइन बदलते, जवळच्या उपकरणातून येऊ लागते, पण वाढवलेला गेन तसाच राहतो. "नवी लाइन घेतली आणि आवाज मोठा झाला" या तक्रारीचं हे पहिलं कारण. गेटवेवरचे सगळे गेन ० वर किंवा उत्पादकाच्या मूळ किमतीवर आणून सुरुवात करा. काही ॲनालॉग अडॅप्टरांत (साधा फोन इंटरनेट फोनव्यवस्थेला जोडणाऱ्या डब्यांत) मूळ किंमत −३ डेसिबल असते. ती बिघाड समजून ० करू नका.

दिशेचा गोंधळ इथे सर्वाधिक होतो. ॲस्टेरिस्कच्या डाहडी सेटिंगमध्ये (टेलिफोन लाइनची कार्डं चालवणाऱ्या भागात) आरएक्सगेन म्हणजे टेलिफोन लाइनकडून पीबीएक्सकडे येणारा आवाज, म्हणजे तुमच्या माणसाला ऐकू येणारा. टीएक्सगेन म्हणजे बाहेरच्या ग्राहकाला ऐकू जाणारा. अडॅप्टरवर 'इनपुट' आणि 'आउटपुट' लिहिलेलं असेल तर ते त्या डब्याच्या नजरेतून असतं : त्याला जोडलेल्या फोनकडून आत येणारा आवाज इनपुट, त्या फोनकडे जाणारा आउटपुट. खात्री नसेल तर एकाच बाजूला ६ डेसिबल कमी करून बघा, कोणत्या माणसाला फरक कळला ते लिहा आणि आकडा पूर्ववत करा.

डाहडीची आणखी एक खोच : गेनच्या ओळी फाइलमध्ये चॅनेलच्या ओळीच्या आधी असाव्या लागतात. खाली लिहिल्या तर त्या चॅनेलला त्या लागूच होत नाहीत, आणि माणूस आकडा वाढवत-घटवत बसतो. बदल लागू करण्यासाठी चॅनेल पुन्हा सुरू करावे लागतात आणि त्यात चालू कॉल तुटतात. हे काम कामाच्या वेळेनंतर ठेवा.

गेन जास्त असल्याच्या दोन आडून दिसणाऱ्या खुणा आहेत. पहिली, प्रतिध्वनी : इको कॅन्सलरला (प्रतिध्वनी काढून टाकणाऱ्या सोयीला) परत येणारा आवाज जाणाऱ्यापेक्षा किमान ६ डेसिबल तरी कमी लागतो, दोन्ही दिशांचे गेन वाढवले की ते अंतर मिटतं आणि तो हार मानतो. दुसरी, बटणांचे टोन नीट ओळखले न जाणं : ग्राहक १ दाबतो आणि मेनू दुसरीकडेच जातो. या दोन्ही तक्रारी मोठ्या आवाजाच्या तक्रारीबरोबरच आल्या असतील तर त्या स्वतंत्र समजू नका. गेन ३-३ डेसिबलने उतरवा, बऱ्याचदा तिन्ही एकदम जातात.

## टप्पा ७ : दोष तुमच्या बाहेर असेल तर

पीबीएक्सच्या बाहेरच्या बाजूला घेतलेल्या कॅप्चरमध्ये ट्रंककडून येणारा प्रवाहच फाटलेला असेल, आणि अनेक वेगवेगळ्या नंबरांवरून तसाच येत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीला कळवा. सोबत कॉलची वेळ, दोन्ही नंबर, कोडेक, कॉलची एसआयपी ओळख (त्या कॉलचा कॉल-आयडी) आणि आवाजाची फाइल द्या. "आवाज मोठा येतो" एवढंच लिहिलं तर उत्तर ठरलेलं असतं : राउटर बंद-चालू करा.

एकाच ग्राहकाचा आवाज मोठा असेल तर दोष त्याच्या फोनचा आहे. त्याच्यासाठी सगळ्या ट्रंकचा आवाज कमी करू नका. बाकी सगळे ग्राहक बारीक ऐकू येऊ लागतील.

## टप्पा ८ : बदल पक्का करा

फोनच्या वेब पानावर हाताने केलेला बदल पुढच्या वेळी फोनने सेटिंग ओढली की पुसला जाऊ शकतो. तेव्हा सापडलेला बरोबर आकडा सेटिंग पाठवणाऱ्या टेम्प्लेटमध्ये घाला, आधी एकाच फोनला पाठवा, तो रीस्टार्ट करून आकडा टिकला का बघा, मग बाकीच्यांना पाठवा.

त्यानंतर टप्पा २ मधले सगळे कॉल त्याच क्रमाने, त्याच माणसाकडून, दोन्ही दिशांनी पुन्हा करा. फक्त तक्रारीच्या दिशेची चाचणी घेऊन थांबू नका. एका बाजूचा गेन उतरवताना दुसऱ्या बाजूला साइडटोन किंवा एजीसीमुळे बदल झालेला असू शकतो. शोधताना वाटेत तात्पुरते म्हणून लावलेले सगळे आकडे स्प्रेडशीटमधून एकेक करून मागे घ्या, बंद केलेलं एन्क्रिप्शन सुरू करा, मिलिवॅटचं एक्स्टेंशन बाहेरून लागत नाही ना ते तपासा. ज्याची तक्रार होती त्याला एक पूर्ण कामाचा दिवस त्याच्या नेहमीच्या हेडसेटवर काम करू द्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारा. फर्मवेअर बदललं, हेडसेटची नवी खेप आली किंवा ट्रंक दुसऱ्या कंपनीकडे गेला, की टप्पा २ मधले कॉल तेवढे पुन्हा करून घ्या.